नऊ नंबरचं पीठ

मी घाबरट बाई नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मी पहिल्यापासून शेवटपर्यंत घाबरलेलीच आहे, आणि तुम्ही म्हणाल, ही कसली प्रयोगशाळेतली बाई, हिला तर ऊठसूट घाम फुटतो. तर तसं नाही. एकतीस वर्षं माती आणि धान्य तपासण्यात काढली. उकळत्या आम्लाशी रोजची उठबस. एकदा भट्टीचं दार बिजागरीतून निखळून अंगावर आलं, तेव्हा मी आधी आतली नमुन्याची राख वाचवली आणि मग स्वतःच्या हाताकडे बघितलं. नवे संशोधक मला टरकून असतात. "मावशी आल्या" एवढं कुणी म्हटलं तरी सिंकमधली भांडी धुतली जातात.

भिंतीवर माझ्याच अक्षरातला एक कागद आहे. भांडी नुसती नळाखाली विसळून चालणार नाहीत, आम्लात बुडवून ठेवायची. धातू तपासायचे असतील तर रंगीत झाकणाच्या बाटल्या घ्यायच्या नाहीत, जुन्या रंगांतच धातू असतात. आणि कोरा नमुना तपासल्याशिवाय कुठलाही आकडा मला दाखवायचा नाही. कोरा म्हणजे सगळं तेच, तशीच बाटली, तेच आम्ल, फक्त आत माती नाही, धान्य नाही, काहीच नाही. त्यातूनही काही निघालं तर घाण तुमच्या बाटलीत आहे, शेतात नाही. हे मी इतक्यांदा बोलले आहे की झोपेतही बडबडत असते, असं नवरा म्हणतो.

नवरा याच केंद्रात शेतावरचा मुख्य. बोलायला काटकसरी. मी दहा वाक्यं बोलते तेव्हा तो एकदा "हं" करतो.

आमच्या केंद्राचं सगळं वैभव म्हणजे मागचं शेत. एक्केचाळीस वर्षं त्यात एकच उद्योग चालला आहे. शेताचे दहा तुकडे, शून्य ते नऊ नंबर, सगळ्यांत गहू. कुठल्या तुकड्याला कोणतं खत आणि किती, हे पहिल्या वर्षी ठरलं ते ठरलं, त्यात आजवर रतीभर फरक नाही. शून्याला काहीच द्यायचं नाही. त्याचा दाणा बारीक, पोचट, बघूनच कीव यावी असा. नऊला सगळं भरपूर, स्फुरदाचं, म्हणजे फॉस्फेटचं, खत तर दुप्पट. नऊचा दाणा असा टपोरा की हातात घेतला तर खाली ठेवावासा वाटत नाही. दरवर्षी कापणी झाली की प्रत्येक तुकड्याची एक बरणी माती आणि एक बरणी गहू बरणीघरात जातो. बिनखिडकीची खोली, छतापर्यंत फळ्या, वर्षावार बरण्या. किल्ली माझ्याकडे.

आता एक रीत सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. नमुने काढून उरलेल्या गव्हातलं एकेक पोतं केंद्रातल्या एकेका कुटुंबाला मिळतं. कुणाला कुठल्या तुकड्याचं, ते चिठ्ठी काढून ठरतं, आणि एकदा ठरलं की निवृत्तीपर्यंत तोच नंबर. माणसं त्या नंबरानंच ओळखली जातात. लेखनिक म्हणजे चार नंबर, ड्रायव्हर सहा नंबर. मी नऊ नंबर. आणि शेताचा राखणदार आणि त्याची बायको, शून्य नंबर.

राखणदाराच्या बायकोला मी वहिनी म्हणते. आमच्या रांगेतलंच शेवटचं घर. गेली सहा-सात वर्षं वहिनींची हाडं ठणकतात. कमरेतून वाकल्या, काठी आली, मागच्या वर्षी नुसतं बादली उचलताना बरगडीला तडा गेला. "वहिनी, शून्याचा गहू खाऊन हाडंही पोचट झाली बघा तुमची," असं मी चारचौघांत म्हणायची. वहिनी हसायच्या. मला वाटायचं, भोळी बाई आहे, तिला टोमणा कळतच नाही.

या वर्षी एक नवीन मॅडम आल्या. वयानं माझ्या लेकीएवढ्या. प्रत्येक गोष्ट चिमट्यानं उचलतात, अगदी बिस्किटसुद्धा, म्हणून मी पाठीमागे त्यांना चिमटी म्हणते. त्यांनी ठरवलं की बरणीघरातला सगळा जुना गहू काढायचा आणि त्यात कॅडमियम किती ते बघायचं. कॅडमियम हा धातू. स्फुरदाचं खत ज्या खडकापासून करतात त्या खडकात तो कुठे कमी कुठे जास्त असतो. खताबरोबर मातीत येतो, मातीतून दाण्यात, दाण्यातून माणसात. माणसाच्या मूत्रपिंडात जाऊन बसला की वीस-तीस वर्षं हलत नाही. आधी लघवीतून प्रथिनं जायला लागतात, आणि पुढे हाडं जातात. हे मला चिमटीमॅडमनीच पहिल्या दिवशी सांगितलं. मी "हो का" म्हटलं आणि बरण्या पुसायला घेतल्या.

तपासणाऱ्याला नमुना कुठला ते कळू नये म्हणून मी सगळ्यांना खुणेचे आकडे दिले. कुठला आकडा म्हणजे कुठला तुकडा, ती यादी पाकिटात बंद. ती मीच केलेली, त्यामुळे पाकीट बंद असलं तरी यादी माझ्या डोक्यात उघडीच होती.

मंगळवारी सकाळी यंत्र चालू होतं. मी मागे उभी राहून आकडे बघत होते. एका मालिकेचे आकडे चढायला लागले. सुरुवातीच्या वर्षाचा ०.०४. मग ०.०९. मग ०.१७. अलीकडच्या वर्षांचा ०.३१. मॅडम खुर्चीत सरळ झाल्या.

"मावशी, हे बघा. खायच्या गव्हात एवढं चालत नाही. कुठला तुकडा असेल हा?"

नऊ. माझा नऊ.

"सगळे नमुने होईपर्यंत पाकीट उघडायचं नाही," मी म्हटलं. "नियम तुमचाच."

बाहेर येऊन मी सिंकची कड धरली. कारण आदल्याच संध्याकाळी लेकीचा फोन आला होता. तिला सातवा महिना. डॉक्टरबाईंनी लघवी तपासली, त्यात प्रथिनं निघाली. "आठवड्यानं परत बघू म्हणाल्या, आई, काही काळजी करू नको." मी नव्हतीच केली. गरोदरपणात होतं असं कधीकधी. पण तो सोमवार होता, आणि तेव्हा मला ०.३१ माहीत नव्हतं.

लेक चार वर्षांची असल्यापासून नऊचा गहू खात होती. लग्न करून दोन गल्ल्या पलीकडे गेली तरी अर्ध्या पोत्याचं पीठ मी तिच्याकडे पाठवत होते. बावीस वर्षं. हिशेब करायला मला कागद लागला नाही.

आणि आता जे सांगते ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. नऊ मला नशिबानं मिळाला नव्हता. बावीस वर्षांपूर्वी दोन घरं एकदम रिकामी झाली, नऊची आणि शून्याची. आम्ही आणि राखणदाराचं कुटुंब एकाच आठवड्यात आलो. दोनच चिठ्ठ्या होत्या, आणि माझं अक्षर चांगलं म्हणून त्या लिहायला माझ्याकडेच दिल्या. लेक तेव्हा काडीसारखी होती, वजन भरत नव्हतं. मी नऊच्या चिठ्ठीचा एक कोपरा दुमडला. मग मीच पुढे होऊन आधी हात घातला. कुणाच्या लक्षात आलं नाही. नवरा शेजारी उभा होता, तो माझ्या बोटांकडे बघत होता, पण तो "हं"सुद्धा म्हणाला नाही, म्हणून मी समजले की त्यालाही कळलं नाही.

म्हणजे लेकीच्या तोंडात तो घास मी स्वतःच्या हातानं, लबाडी करून घातला होता. सिंकपाशी उभी राहून मला हेच एक वाक्य पुन्हापुन्हा ऐकू येत होतं.

जेवणाच्या सुट्टीत मी तडक लेकीकडे गेले. ती पाय वर घेऊन बसली होती. मी स्वयंपाकघरात घुसले आणि पिठाचा डबा काढला.

"आई, काय करतेस?"

"किडे झालेत पिठात."

"कालच चाळलंय मी. एक किडा नाही."

"तुला दिसत नाहीत. बारीक आहेत."

"बारीक किडे फक्त तुलाच दिसतात का गं?" ती हसली. "तुझ्या जावयाला सांगते, आईला चष्म्याची नाही, डॉक्टरची गरज आहे."

तिच्या पायांवर सूज होती. काल बघितली असती तर मी म्हटलं असतं, पोटात बाळ आहे, पाय सुजायचेच. आता मला त्या सुजेकडे बघवेना.

"आमच्याकडे नवीन यंत्र आलंय," मी म्हटलं. "मला थोडी लघवी दे. प्रथिनं किती ते मीच बघते."

"शी! ऑफिसात नेणार?"

"एकतीस वर्षं जगाची घाण तपासते, तुझ्या लघवीला काय सोनं लागलंय? दे."

तिच्या फडताळात एक जुनी बाटली होती, बटणं ठेवायची. वर पिवळंधमक झाकण. मी बटणं बशीत ओतली, बाटली गरम पाण्यानं खळखळून धुतली आणि तिच्या हातात दिली. परत येताना पिठाचा डबा एका हातात, बाटली पर्समध्ये. डबा मी वाटेतल्या कचराकुंडीत उपडा केला. भटकी कुत्री आली तर त्यांनाही नको, असं वाटून वर माती लोटली.

प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. सगळे जेवायला. मी त्या बाटलीतच आम्लाचे थेंब टाकले, झाकण लावून हलवली, अर्धा तास ठेवली आणि मग यंत्राला दिली. नळी दोनदा निसटली. एवढ्या वर्षांत माझ्या हातून नळी निसटलेली कुणी पाहिली नव्हती.

आकडा आला. कॅडमियम, निरोगी माणसाच्या लघवीत जेवढं असावं त्याच्या वीसपट.

मी तो पुसून टाकला आणि स्टुलावर बसले. घड्याळाचा काटा सरकताना दिसत होता पण वाजले किती ते कळत नव्हतं. डोक्यात भलतंसलतं यायला लागलं. बाळाच्या मूत्रपिंडात पण जातं का? हे कुणाला विचारायचं? मॅडमना विचारलं तर त्या विचारतील, का विचारताय? डॉक्टरबाईंना सांगितलं तर लेकीला कळेल, आणि लेकीला कळलं तर ती म्हणेल, आई, तू तर माती तपासतेस ना, तुला कसं कळलं नाही? एवढा एक प्रश्न ती विचारेल या कल्पनेनंच मला रडू फुटलं. मी तोंडात पदर कोंबला.

नवरा शेतावरच्या गोदामात होता, पेरणीयंत्राच्या नळ्या साफ करत. मी दार लोटून घेतलं आणि त्याला सगळं सांगितलं. नऊचा आकडा, लेकीची प्रथिनं, बाटली, वीसपट. चिठ्ठीच्या दुमडलेल्या कोपऱ्याचंही सांगितलं. बोलताना मला हुंदके आवरेनात.

तो हळूच पोत्यावर बसला. चेहरा पांढराफटक पडला होता.

"लेकीला काही झालेलं नाही," तो म्हणाला.

"अहो, वीसपट! तुम्हाला कळतंय का मी काय म्हणते?"

"तिनं नऊचा गहू कधी खाल्लाच नाही."

मी डोळ्यांवरचा पदर काढला.

"कोपरा मी बघितला होता," तो म्हणाला. "तेव्हाच. तुला बोललो असतो तर तू आकाशपाताळ एक केलं असतंस. पण मला झोप येईना. त्यांचं पोतं आपण लाटायचं हे बरोबर नव्हतं. पहिल्याच वर्षी गिरणीकडे जाताना मी पोती बदलली. त्यांचं त्यांना दिलं. राखणदाराला म्हटलं, चिठ्ठ्या लिहिताना घोळ झाला होता, नऊ तुमचाच, पण माझ्या बायकोला कळलं तर ती मनाला लावून घेईल, कुठे बोलू नका. आणि आपला शून्याचा दळूनच घरी आणायचो. दाणा बघितला असतास तर ओळखला असतास. पीठ कोण ओळखणार?"

तुम्हाला खरं सांगते, सगळ्यात आधी मला राग आला. एवढ्या भीतीतसुद्धा.

"बावीस वर्षं! बावीस वर्षं मला शून्याचं पीठ खायला घातलंत? आणि मी जगभर सांगत सुटले, नऊच्या पिठाची सर कशाला नाही म्हणून! सासूबाईंना सांगितलं, जावयाच्या घरच्यांना सांगितलं! तुम्ही तिथे बसून ऐकत होतात!"

"हं," तो म्हणाला.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिनं नऊ खाल्लाच नसेल, तर तो आकडा आला कुठून?

मी तशीच पळत प्रयोगशाळेत आले. चिमटीमॅडम यंत्रापाशी उभ्या होत्या. त्यांच्या चिमट्यात माझी बाटली होती, पिवळ्या झाकणाची.

"मावशी, ही कुणाची?" त्या म्हणाल्या. "यंत्रात एक नमुना जास्तीचा चाललाय. आकडा पुसलाय, पण वेळेची नोंद राहिली आहे."

लपवण्यात काही अर्थ नव्हता. "माझ्या लेकीची लघवी आहे," मी म्हटलं आणि लेकीचं तेवढं सांगून टाकलं.

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी बाटली ट्रेमध्ये ठेवली आणि भिंतीवरच्या माझ्याच कागदाकडे बोट केलं.

"मावशी, कोरा नमुना कुठाय?"

केलाच नव्हता. एकतीस वर्षं ज्यासाठी पोरांना फाडून खाल्लं ते मी विसरले होते. आणि झाकण? पिवळंधमक जुनं झाकण, त्यावर आम्ल, तेही अर्धा तास. भिंतीवरचे तिन्ही नियम मी एका दुपारी मोडले होते. मॅडमनी त्याच बाटलीत नुसतं शुद्ध पाणी आणि आम्ल घातलं, हलवलं, ठेवलं, यंत्राला दिलं. त्या साध्या पाण्याचाही आकडा जवळजवळ तेवढाच आला. सगळं कॅडमियम झाकणाच्या पिवळ्या रंगातून सुटलं होतं.

मॅडमनी स्वतः आम्लात धुतलेली पांढरी बाटली दिली. मी पुन्हा लेकीकडे गेले. "आता काय मोजणार आहेस, आई, माझी उंची?" ती म्हणाली, पण दिली. चार वाजता आकडा आला. अगदी साधा. शेजारी कोरा नमुना, त्यात काही नाही.

"कॅडमियमची काळजी नको," मॅडम म्हणाल्या. "प्रथिनांचं कारण दुसरं असेल, ते डॉक्टरना बघू दे."

मी हसले, रडले, नाक पुसलं, मॅडमचा हात धरून त्यांना म्हटलं की मी पाठीमागे तुम्हाला चिमटी म्हणते. "माहीत आहे," त्या म्हणाल्या. मला इतकं हलकं वाटत होतं की मी लागलीच सगळी भांडी धुवायला काढली. दोन भांडी धुतली असतील. मग दाराकडे लक्ष गेलं. नवरा कधीपासून तिथे उभा होता. लेक सुखरूप आहे हे त्यानं ऐकलं होतं, आणि तरी त्याचा चेहरा गोदामात होता तसाच होता.

"पोती मी बदलली," तो म्हणाला. "दरवर्षी. माझ्या हातानं. वर पुन्हा वाटायचं, चांगलं काम करतोय."

तेव्हा मला कळलं. आधी प्रथिनं, पुढे हाडं. कमरेतून वाकलेल्या वहिनी. बादली उचलताना गेलेली बरगडी.

माझ्या हातातलं भांडं सिंकमध्ये पडून फुटलं. दुपारची भीती मला माहीत होती, ती आपल्या लेकराची होती, तिच्यात निदान रडता येत होतं. ही वेगळी होती.

"असं लगेच म्हणता येत नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांना मी आता चिठ्ठीपासून सगळं सांगितलं होतं. "हाडं शंभर कारणांनी दुखतात. तपासल्याशिवाय काही बोलू नका." पण बोलता बोलता त्यांनी राखणदारासाठी आणि वहिनींसाठी दोन पांढऱ्या बाटल्या काढल्या, आम्लाच्या टबातून उचलून शुद्ध पाण्यात घोळवल्या आणि माझ्या हातात ठेवल्या.

"मी येतो," नवरा म्हणाला.

"नको," मी म्हटलं. "कोपरा मी दुमडला होता."

रांगेतलं शेवटचं घर, पन्नास पावलांवर. मी त्या दिवशी ती पन्नास पावलं मोजली. राखणदार शेतावर होता, लांबून त्याचा पाखरं हाकलायचा पत्र्याचा डबा वाजत होता. दार उघडंच होतं. वहिनी टेबलाशी बसून घरच्या पिठाचा, नुकताच भाजलेला पाव कापत होत्या, एक हात टेबलावर टेकवून, कारण दोन्ही हात सोडून त्यांना बसवत नाही.

"ये गं," त्या म्हणाल्या. "लेक कशी आहे? दुपारी तू पळत गेलीस म्हणे तिच्याकडे."

"बरी आहे."

"मग तुझं तोंड का असं उतरलंय? बस. पाव खा, गरम आहे."

मी बसले. बाटल्या मांडीवर पर्समध्ये होत्या. टेबलाखाली त्यांची काठी, तिच्या टोकाला गुंडाळलेलं फडकं.

"वहिनी, तो गहू..."

त्यांनी सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून गालात हसल्या.

"कळलं वाटतं तुला. नवऱ्यानं सांगितलं?"

मी मान हलवली.

"बरं झालं बाई. मला किती वर्षं बोलायचं होतं. पण तू एवढी मानी, तुला लागेल म्हणून गप्प बसले. तू शून्यावरून चिडवायचीस तेव्हा मला हसू आवरायचं नाही. मी मनात म्हणायची, बोल बाई बोल, नऊ तर माझ्या घरात आहे." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. बोटं वाकडी झाली होती, हलकी, सुकलेली. "असा देवमाणूस नवरा मिळायला भाग्य लागतं. त्यानं कधी एक दाणा कमी दिला नाही. आणि माझी ही हाडं बघतेस ना? नऊचा गहू पोटात नसता तर मी केव्हाच अंथरूण धरलं असतं. मी तर दोन घास जास्तच खाते, अंगात ताकद यावी म्हणून."

त्यांनी पावाचा एक तुकडा माझ्यापुढे सरकवला आणि दुसरा स्वतः उचलला.

मी त्यांचं मनगट धरलं. तुकडा तोंडापाशी थांबला.

"काय गं?"

"ठेवा तो खाली."

"का?"

मी पर्स उघडून दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या. वहिनी त्या बाटल्यांकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. मी तुकडा त्यांच्या बोटांतून सोडवून घेतला. तो अजून गरम होता.

"हा माझा गहू आहे, वहिनी," मी म्हटलं. "माझ्या वाट्याचा."